सामाईक भिंत

ऐका. जरा जवळ सरका, मला मोठ्यानं बोलवत नाही.

आपला हरिबा दिवे लागल्यावर जुन्या गावाकडं निघाला. एकटा. हातात बॅटरी. का? तर सकाळी पोरीची हळद, आणि बायको म्हणाली, "हळद घरच्याच जात्यावर दळायची. मिक्सरात नाही." आता घरचं जातं कुठं? भूकंपात पडलेल्या घरात! बावीस वर्षं तिकडं दिवसासुद्धा कुणी फिरकत नाही.

गेला. माती उकरली, जातं निघालं. चुंबळ केली, डोक्यावर घेतलं, चालू लागला. चालला, चालला... आणि पुन्हा आपल्याच पडक्या भिंतीपाशी! परत चालला. परत भिंत! तिसऱ्या फेरीला जातं जड झालं. कसं जड? अहो, जात्यावर कुणीतरी मांडी घालून बसलं होतं!

वरून आवाज आला, "हरिबा, भिंत कुणाची?"

आवाज ओळखीचा. शेजारचे निवृत्तीकाका. भूकंपात गेलेले. दोन घरांत मिळून एक भिंत, आणि काका होते तोवर तिच्यावरून रोज सकाळी भांडण. चहाच्या आधी!

हरिबाची मान आत गेली. गुडघे टेकले. "तुमची, काका! सगळी भिंत तुमची! उतरा!"

भूत हिरमुसलं. म्हणालं, "असं रे काय? एवढ्यात? तुझा बाप तीस वर्षं हटला नाही." मग म्हणालं, "आणि नव्या गावात भिंत कुणाची?"

"तिथं सामाईक भिंतच नाही, काका. घरं सुटी सुटी. सरकारनं चिठ्ठ्या टाकून दिली. आम्ही पहिल्या रांगेत, सोजरकाकू पार चौदाव्या."

"मग माझी बायको भांडते कुणाशी?"

काकू दिवसभर ओट्यावर बसते, कुणाशी बोलत नाही, हे हरिबानं कसं सांगायचं? पण भुताला सांगावं लागत नाही. जातं थरथरायला लागलं. भूत रडत होतं. डोक्यावर बसून!

"उद्या जाऊन तिच्याशी भांड," भूत म्हणालं. "वचन दे. नाहीतर पोरीची हळद इथंच दळ."

हरिबानं वचन दिलं. जातं कापसासारखं हलकं झालं. तो असा पळाला की एक चप्पल अजून तिथंच आहे.

उजाडताच हरिबा चौदाव्या रांगेत. अंगणात उभा राहून ओरडला, "काकू, तुमची भिंत वीतभर आमच्या जागेत होती!"

काकूनं मान वर केली. डोळे बारीक केले. केरसुणी उचलली. "मेल्या, वीतभर? तुमच्याच वळचणीचं पाणी माझ्या चुलीत यायचं!"

भांडत भांडत ती त्याच्या मागं पहिल्या रांगेपर्यंत आली. मांडवात जातं दिसलं. तशीच खाली बसली, खुंटा धरला. "हळकुंडं घाला गं कुणीतरी. तोंडाकडं काय बघताय?"

विधवेनं हळद दळावी का, असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या हातात केरसुणी होती ना!

तर बाबांनो, अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. काका अजून बसलेत तिथं. आणि जावंच लागलं, तर एवढं करा. भिंत लगेच सोडू नका. बराच वेळ भांडा.