पालथा पेला

बाजीराव : पाणी नको मला. तू आधी सांग आई, शिक्का कशावर मारलास? उभ्या बाटलीवर का आडव्या?

अंबूबाई : दम खा की जरा. आत्ता तर आलास मतमोजनीवरनं.

बाजीराव : कसला दम! आडवी झाली बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी दुकान बंद करायला मत दिलं. आता साहेब येऊन सील ठोकणार. आबांनी उभं केलेलं दुकान...

अंबूबाई : तुज्या बापानं लायसन आणलं. दुकान म्या उभं केलं. त्यो दोन वर्सांत सोताच पिऊन मेला, ते बी सांग की.

बाजीराव : तेच म्हणतोय ना. चाळीस वर्षं तू गल्ल्यावर बसलीस. बायका तुझं ऐकतात. तू एक शब्द टाकला असतास, तर एक बाई मत द्यायला शाळेकडं फिरकली नसती.

अंबूबाई : ऐकायच्या. फळी व्हती तवा.

बाजीराव : झालं! आली फळीवर.

अंबूबाई : येणारच. परतेक गड्याचा नाव घातलेला पेला त्या फळीवर. घरात पोर आजारी पडलं, न्हाईतर गडी हात उचलाया लागला, की त्याची बायकू यायची आन् त्याचा पेला पालथा घालून जायची. एक शब्द न बोलता. तिनं सोता येऊन सुलटा करंस्तवर मी थेंब द्येत न्हवते. मंग पाटलाचा आसू दे न्हाईतर कुनाचा. गडी शिव्या घालायचे मला. पर बाया दारूच्या दुकानात ताठ मानंनं यायच्या.

बाजीराव : आई, आता कंपनीतली पोरं येतात, मोबाईलवर पैसे मारतात. त्यांना काय सांगू, तुमच्या मिसेसनी ग्लास पालथा घातलाय? कस्टमर सरळ सोमाटण्याच्या दुकानात पळाला असता.

अंबूबाई : आन् नथूला काय सांगितलंस?

बाजीराव : आता नथू कुठं काढलास मधेच?

अंबूबाई : शकूनं आपल्या नवऱ्याचा पेला पालथा घातला व्हता. डाक्टरनं बजावलं व्हतं, घोटभर बी नगं. मी डोळ्याच्या आपरेशनला म्हयनाभर तळेगावला व्हते, आन् तू त्याला पलास्टिकच्या गलासात दिलीस.

बाजीराव : पाया पडला माझ्या! हात लटलट कापत होते त्याचे. दया आली मला.

अंबूबाई : म्हयनाभर रोज आली व्हय रं दया? आन् मी घरी यायच्या आत फळी उचकटलीस. पेले भंगारात घातलेस.

बाजीराव : मी काय त्याचं तोंड उघडून ओतली? मेला, वाईट झालं. दहाव्याला गेलो, शकुबाईकडं किराणा पोचवला.

अंबूबाई : कोंबड्यांफुडं टाकला तिनं त्यो.

बाजीराव : म्हणजे तिनंच पेटवलं सगळ्यांना. आणि तू तिला सामील. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ते खोटं नाही. पोटच्या पोराच्या पोटावर पाय दिलास तू.

अंबूबाई : न्हाई दिला.

बाजीराव : मग?

अंबूबाई : उभीवर मारला शिक्का.

बाजीराव : काय?

अंबूबाई : आडवीवर मारायचा म्हनूनच गेलते. शाळंची पायरी चढाया शकूनंच हात दिला. कागद हातात घेतला आन् तुजी लेकरं आली डोळ्याम्होरं. सारिकाचं कालेज, स्वराजची शाळा. मारला उभीवर. थू माज्या जिनगानीवर.

बाजीराव : अगं, मग रडतीस कशाला? तू तर माझ्याच बाजूनं...

अंबूबाई : गप. लाज वाटती मला. निकाल लागला तवा बाया नाचल्या रं. गुलाल उधळला. शकू पळत आली आन् माज्या गळ्यात पडली. म्हनली, "मावशी, तुमी पाठीशी व्हता म्हनून झालं."

बाजीराव : मग तू काय म्हणालीस?

अंबूबाई : काय म्हननार? हात फिरवला तिच्या पाठीवरनं.