पेटीची कंबर कुठे असते?

अहो, माणूस असता तर मोजला असता! तीस वर्षं शिंपीकाम करतोय, पोट सुटलेले मोजले, मान नसलेले मोजले... पण पेटी? पेटीची छाती कुठे नि कंबर कुठे, सांगा!

झालं काय, माझी मावशी चाळीस वर्षं एका नाट्यगृहात विंगेत उभी राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. ते नाट्यगृह पाडलं, हिला आठवण म्हणून मखमली पडद्याचा तुकडा मिळाला. शंभर बाय सत्तर सेंटिमीटर. आली दुकानात, काखेत लाकडी पेटी. "ही मढव. सहाही बाजूंनी. आणि चुकलास तर दुसरा तुकडा नाही हं!"

टेप लावली. लांबी पन्नास, रुंदी तीस, उंची वीस. केला गुणाकार... तीस हजार! कापड जेमतेम सात हजार! म्हटलं, मावशी, पुरत नाही. तुम्हाला सांगतो, बाईचा चेहरा एवढासा झाला. माणूस असता तर म्हटलं असतं, बाह्या आखूड करू!

माझी मुलगी सातवीत. म्हणते, "बाबा, ते घनफळ. आत किती मावतं ते. आपल्याला बाहेरचं हवंय, पृष्ठफळ!" तिनं वर्तमानपत्र पसरलं, पेटी ठेवली, कडेनं रेघ मारली, पेटी लोळवली, पुन्हा रेघ... तीन लोळण्यांत चार आयत, दोन बाजूंना दोन कान. "ही घडणी. पेटी उलगडून निजवली की अशी दिसते." दीड हजाराचे दोन, हजाराचे दोन, सहाशेचे दोन. सहा हजार दोनशे! पुरतंय की!

कागद मखमलीवर ठेवला... तर दोन्ही कान बाहेर! मी म्हटलं, बघा, माणूस असता तर... "बाबा, कान कापा ना!" चार आयतांच्या पट्ट्याशेजारी वीस सेंटिमीटर उरलंच होतं. दोन्ही कान त्यात बसले!

मग काय, डिंक लावला, पट्टा गुंडाळला, कान चिकटवले. कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. मावशीनं मखमलीवरून हात फिरवला, डोळे पुसले. म्हणाली, "छान. आता उघड."

...

मी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "गणितात उघडायचं म्हटलं नव्हतं."

मी ब्लेड घेतलं.