माझ्या डोक्यावरचा अर्धा फेटा

मला फेटा शोभत न्हाई म्हणता ना? अरे, वडीगोद्रीच्या पुढं एका गावात अर्धा बांधून झाल्ता माझा.

जत्रंत ट्रॅक्टर रिव्हर्स पळवायची शर्यत होती. मागं ट्रॉली जोडलेली, दोन्ही अंगाला चुन्याची रेघ, रेघंला चाक लागलं की बाद. माझ्या बायकोनं, सुमननं, नाव दिलं. माइकवाला म्हणला, "वहिनी, आगुदर सरळ चालवून दाखवा!" समदे हसले. सुमननं ट्रॉली अशी नेली की चुना सुद्धा हालला न्हाई. बाकीचे समदे बाद.

मंग माइकवर पुकारा झाला, "विजेत्या ताईंचे पती स्टेजवर यावेत!" मी बी ऐटीत गेलो की! सरपंच माझ्या डोक्याला फेटा गुंडाळून राह्यलते, तवा सुमननं ट्रॉली रिव्हर्स आणून बराबर स्टेजला टेकवली.

"सोडा त्यो फेटा. शर्यत मी जिंकले."

सरपंच म्हणले, "बाईला फेटा बांधायची आपल्याकडं रीत न्हाई."

सुमननं इंजिन बी बंद केलं न्हाई.

"मंग ती रीत टाका ट्रॉलीत. जाता जाता उकिरड्यावर ओतून देते."