आजोबांच्या पुस्तकातली झावळी

हसू नका, पण वर्गात मी माझं सगळ्यात आवडतं म्हणून जे पुस्तक सांगितलं, ते मी पूर्ण वाचलेलंच नव्हतं.

बाईंनी विचारलं, "शेवट काय होतो गं?"

"माहीत नाही, बाई."

वर्ग हसला. बाईंनी विचारलं, "मग आवडतं कसं?"

मला चारचौघांत बोलता येत नाही, तरी सांगितलं. भुईगावच्या घरी आजोबा मला ते रोज चार पानं वाचून दाखवायचे. गोष्टीतला कप्तान बोलू लागला की त्यांचा आवाज जाड व्हायचा. थांबताना ते खूण म्हणून झावळीची पट्टी ठेवायचे, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली. ते गेल्यावर त्या पट्टीच्या पुढे मी वाचलंच नाही.

"दाखव ते पान," बाई म्हणाल्या. मी पुस्तक उघडलं, तर पट्टी नाही.

घरी मम्मीला विचारलं. "अगं, राखेच्या बुधवारसाठी चर्चमध्ये जुन्या झावळ्या जाळून राख करतात ना, त्यांत दिली."

बुधवारी सकाळी फादरांनी कपाळावर राख लावली आणि मी तशीच शाळेत गेले. माझ्या बाकावरची गार्गी बोळिंजहून येते. तिने विचारलं, "कपाळाला काय लागलंय?"

"आजोबांच्या पुस्तकातली झावळी."

राखेचं सांगितल्यावर तिने विचारलं, "मग आता ते पान कसं सापडणार?"

"पहिल्यापासून वाचतेय. जिथून पुढे आजोबांचा आवाज ऐकू येणार नाही, तेच ते पान."