खडूच्या त्या रेघा माझ्या होत्या

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आपल्या क्लबचे तपासनीस, म्हणजे सगळ्यांचे मास्तर, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या वहिनी, आणि चहाची वाट बघणाऱ्या माझ्या मित्रांनो,

मी औषधाच्या दुकानात बसणारा माणूस. भाषणाची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

पाहुण्यांना आमचा खेळ ठाऊक नसेल. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडायचे, एकेका गाडीनं त्यांच्यामधून वळणं घेत जायचं, आणि घड्याळ लावायचं. बक्षीस काय, तर पत्र्याचा कप! पण त्या कपासाठी आमची झोप उडते.

पहिल्या दिवशी मी टायर असे किंचाळवले की वाटलं, मैदान मारलं. मास्तर खिडकीशी आले. म्हणाले, "ओरडत कोण होतं, टायर की तू? अरे, टायरकडं पकड मोजकीच असते. ब्रेकला दे, नाहीतर वळणाला दे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." मग त्यांनी मला वळणाआधी वेग सोडायला शिकवलं. हळू गेलो आणि चार सेकंद लवकर पोचलो! तुमच्यापैकी कितीजण असेच शिकलात? हात वर नका करू, सगळेच आहात.

आणि त्यांचा खडू. प्रत्येक टायरच्या कडेवर तीन रेघा ओढायचे. हवा कमी असली की टायर वळणावर कुशीवर झोपतो आणि रेघा खालपर्यंत पुसल्या जातात. अशी गाडी मास्तर हवा भरल्याशिवाय सोडत नसत. मग समोर कोणीही असो.

गेल्या हंगामाची शेवटची स्पर्धा आठवते ना? मी अर्ध्या सेकंदानं मागे होतो. हवा काढली की पकड वाढते, असं कुठंतरी ऐकलं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस मी. पुढच्या दोन्ही टायरांतली हवा काढली. दुसरी फेरी खरोखर जोरात गेली, पण रेघा पार पुसल्या होत्या. मास्तर तीन गाड्या पलीकडे होते. मी ओल्या फडक्यानं कड पुसली, खिशातला खडू काढला आणि रेघा नव्यानं ओढल्या. मास्तर आले, वाकून बघितलं, "शाबास, शिकलास," म्हणाले आणि कागदावर सही केली.

शेवटच्या फेरीला सुटलो. तिसऱ्या वळणावर वहिनी इशाऱ्याचा झेंडा घेऊन उभ्या होत्या, जिथं उभं राहायचं अगदी तिथंच. पुढचा एक टायर चाकाच्या रिमवरून सुटला. मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, गाडी वळलीच नाही. वहिनींचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीत पुढच्या दुसऱ्या टायरची हवा मोजली, ती कमी भरली. सही मास्तरांची. "माझ्या नजरेतून सुटलं," ते म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

अध्यक्षसाहेब, थांबवू नका, थोडंच राहिलंय.

मास्तरांनी त्यानंतर दोनदा डोळे तपासून घेतले. डॉक्टर ठीक म्हणाले, तरी यांनी चष्मा बदलला. गाडी चालवणं सोडलं. परवा माझ्या दुकानात डोळ्यांचे थेंब घ्यायला आले. म्हणाले, "याच नजरेनं बायकोचा पाय घालवला रे. आता क्लबात कुठल्या तोंडानं राहू?" आणि मी काय केलं? थेंब पिशवीत घालून दिले. एवढा मी नालायक.

मास्तर, तुमच्या नजरेत काडीची खोट नव्हती. मी तुम्हाला फसवलं. घडलेलं सगळं सहीनिशी लिहून आणलंय, ते अध्यक्षांकडे देतो. चौकशीच्या कागदावरचं मास्तरांचं नाव खोडा आणि तिथं माझं घाला. पुढं जे करायचं ते करा, मी कुठं पळून जात नाही.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बाकीचं घालू नका. मास्तर, वहिनींना उठू देऊ नका. त्यांना जे बोलायचंय ते ऐकायला मीच खाली येतो.