‘मले’चं ‘मला’

हिंगणघाटच्या स्टँडवर अल्लीपूरच्या गाडीची वाट पाहत दोघी माझ्या मागच्या बाकावर बसल्या होत्या.

"वर्षाली, कवितेचं पुस्तक निघालं म्हणे तुह्यं! पेढे कुठी हाये?"

"निघालं. पन प्रकाशकानं भाषा शुद्ध केली. 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का'."

"मंग काय झालं? लोकाईले समजन तरी."

"छाया, आमचा अंकुशदादा गेला तवा माय जे बोलून बोलून रडली, तेच मी लिहलं होतं. माह्या पदरचं काईच नाई त्याच्यात."

"मायले वाचून दाखोलं काय?"

"काल दाखोलं. डोये पुसत पुसत सारं आयकलं तिनं."

"मंग?"

"मंग मले म्हणे, कोन बाई हाय व हे? किती वर्साचं होतं तिचं पोरगं?"