मांडवाची उंची

आदिलाबादच्या बसस्टँडवर बोथच्या गाडीची वाट पाहता पाहता जयवंताबाईंचे कान शेजारच्या बाकावरच्या दोघांच्या बोलण्याकडे लागले.

"ओव्हरसियर साहेब, कपाळाले टेंगूळ कायचं?"

"परसातल्या मांडवाचा बांबू लागला. दोडक्याच्या वेलासाठी पोरीनं बांधला. म्या फक्त खड्डे खोदले."

"अन् माप कोनं घेतलं?"

"तिनंच. आपला हात वर करून."

"हैद्राबादचे इंजिनेर तुमचं माप मानतात, अन् घरी तुमी वाकून चालता?"

"चालतो ना! रोज."

"मांडव उंच करून टाका की."

"काऊन? दोडके तिले तोडाचे हायेत. पुढच्या साली ती वाढली का पुन्हा बांधू, सारे मिळून."

गाडी लागली. दार चांगलं उंच होतं. जयवंताबाईंनी पाहिलं, साहेब तरी मान वाकवूनच चढले.